केदारच्या वाटेचे गाठोडे



या व्यासपीठावरून आपण विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, भट्टीसमोर आणि कामगारांच्या सभांतून झाले. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षांहून अधिक काळ मी संघटनेचे काम करीत आहे. तेव्हा चालकांनी माझ्याकडून पगारवाढ, बोनस किंवा कंत्राटी पद्धत अशा एखाद्या विषयाची अपेक्षा केली असणार. मी 'केदारनाथच्या यात्रेचे गाठोडे' असा विषय कळविला तेव्हा ते थोडे चकित झाले. एक जण तर हसत म्हणाले, "काय ओ, कामगारांचा पुढारी आता यात्रा कंपनी काढतोय का काय?"

तसे काही नाही. हा विषय निवडण्याचे पहिले कारण असे की, अक्षय्य तृतीयेचा सुमार आला म्हणजे आमच्या कचेरीत रजेच्या अर्जांबद्दल विचारायला माणसे येऊ लागतात. कोणी साचेवाला असतो, कोणी भट्टीवाला, कोणी मशीनशॉपमधला. पाच-दहा जणांचा गट जमलेला असतो. पैसे साठविलेले असतात. जाताना काय घ्यावे, एवढेच त्यांना विचारावयाचे असते. मी स्वतः ती वाट दोनदा चढलो आहे, म्हणून मला विचारतात.

दुसरे कारण माझ्या धंद्यातले आहे. कोणी किती उचलायचे, किती वेळ उचलायचे आणि त्याचा मोबदला किती घ्यायचा, या तीन प्रश्नांभोवती कामगार चळवळीचा निम्मा इतिहास फिरतो. यात्रेचे गाठोडे बांधताना हेच तीन प्रश्न आपल्यासमोर असतात. देवाचे काम म्हणून आपण ते विचारीत नाही, इतकेच. आज ते विचारावेत असे माझ्या मनात आहे.

श्रोतेहो, केदारनाथ आपल्याला परका नाही. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरचा आपला ज्योतिबा हा केदारनाथच, अशी आपल्या भागाची श्रद्धा आहे. त्याला आपण केदारलिंग म्हणतो. चैत्री पौर्णिमेला उंचच उंच सासनकाठ्या पेलीत, गुलालात न्हाऊन, 'चांगभलं'चा गजर करीत आपली माणसे तो डोंगर चढतात. त्यामुळे आपल्या गड्याला वाटते, ज्योतिबा चढलो तसाच केदारही चढू; त्यात काय मोठेसे! परंतु देव एक असला तरी डोंगर एक नाही. ज्योतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट आहे. केदारनाथचे मंदिर सुमारे ११,७५० फुटांवर, म्हणजे ३,५८३ मीटरवर आहे. गाडीची वाट गौरीकुंडाशी संपते, आणि गौरीकुंड १,९८२ मीटरवर. तेथून सुमारे सोळा किलोमीटर पायी चढायचे. पूर्वी ही वाट चौदा किलोमीटर होती. २०१३ सालच्या जूनमध्ये चोराबारी तलाव फुटला, वाटेतले रामबाडा गाव नकाशावरून पुसले गेले, आणि वरच्या टप्प्यात नदीच्या पलीकडच्या अंगाने नवी वाट काढावी लागली.

हा डोंगर आपल्याकडून दोन गोष्टी काढून घेतो. पहिली ऊब. दर एक हजार मीटर वर गेले की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. आपले कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे तीन हजार मीटरच्या चढाला सुमारे वीस अंश गेले. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली झोप लागत नसते, त्याच रात्री तेथे पाणी गोठण्याची वेळ येते. दुसरी गोष्ट हवा. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही तेवढेच असते. परंतु हवेचा दाबच कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोनतृतीयांश एवढाच असतो. तीन श्वास घ्यावेत आणि दोनाचेच काम व्हावे, असा हा व्यवहार आहे. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर काम दुप्पट आणि हजेरीत कपात!

आता आपल्या माणसाकडे पाहा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात फौंड्रीचे काम करणारी हजारो माणसे आहेत. त्यांपैकी पुष्कळांनी वर्षानुवर्षे वाळूची बारीक धूळ श्वासाबरोबर घेतली आहे. फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासूनपुसून साफ करण्याला जो माणूस उभा असतो त्याला ही धूळ सर्वांत जास्त. तिने जडणाऱ्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो हळूहळू येतो आणि आला म्हणजे जात नाही. असा माणूस घरी, बाजारात, सपाटीवर ठणठणीत दिसतो. जिना चढताना जरा दम लागतो, तो वयावर घालतो. पण जेथे धडधाकट फुप्फुसालाही हवा पुरत नाही, तेथे या फुप्फुसाचे काय होईल? म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू स्वेटर किंवा बूट नाही. निघण्याच्या महिनाभर आधी केलेली छातीची तपासणी, रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख, ही पहिली वस्तू. डॉक्टरला नुसते 'यात्रेला जातोय' म्हणू नका. 'साडेतीन हजार मीटरवर जातोय आणि इतकी वर्षे फौंड्रीत आहे' असे स्पष्ट सांगा. डॉक्टर 'नको' म्हणाला तर ज्योतिबाला जा. तोच देव आहे, हे आपणच म्हणतो.

दुसरी वस्तू म्हणजे दिवस. आपण हसाल, पण मी खरेच सांगतो, दिवस हे गाठोड्यात बांधून न्यावे लागतात. उंचीवर शरीराला बदल करून घ्यायला वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर रोज मुक्कामाची जागा पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा डॉक्टर मंडळींचा नियम आहे. आपण काय करतो? हरिद्वारहून रात्रभर गाडी, पहाटे सोनप्रयाग, सकाळी गौरीकुंड, आणि संध्याकाळी एकदम साडेतीन हजार मीटरवर मुक्काम. का? तर सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हायचे असते. हेलिकॉप्टरने जाणाऱ्याची गत याहून अवघड. त्याचे पाय वाचतात, पण शरीराला मिळणारे काही तासही त्याच्या हातून जातात.

म्हणून रजा काटकसरीने नेऊ नका. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, ती कुणाची मेहेरबानी नव्हे. एक मुक्काम गुप्तकाशीला करा, एक गौरीकुंडाला करा, आणि जमल्यास तिसरा चढणीवरच्या एखाद्या निवाऱ्याच्या जागी करून दुसऱ्या दिवशी सावकाश वर जा. देव कपाट उघडून भाऊबीजेपर्यंत बसलेला असतो. तो काही पाळी संपली म्हणून उठून जात नाही.

आता प्रत्यक्ष गाठोडे सोडू.

कपड्यांविषयी आपल्या लोकांचा समज असा की, जितका जाड तितका उबदार. म्हणून एकच जाडजूड कोट घेतात आणि आत नेहमीचा सुती बनियन. चढताना घाम फुटतो, बनियन भिजतो, थांबल्याबरोबर तो अंगावर बर्फासारखा होतो. फौंड्रीतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. साच्याच्या वाळूत ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात आणि माल बाद होतो. वर डोंगरावरही शत्रू तोच आहे: ओल. म्हणून अंगालगत लवकर वाळणारा, सुती नसलेला कपडा असावा. त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडविणारा हलका रेनकोट. असे तीन पदर असले म्हणजे चढताना एक काढता येतो, थांबताना घालता येतो. असे दोन जोड पुरेत: एक अंगावर, एक कोरडा. हा कोरडा जोड काही झाले तरी वाटेत घालायचा नाही. तो मुक्कामाचा. तो जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावा. नुसत्या सॅकवर विसंबू नये. कानटोपी, हातमोजे आणि लोकरीचे मोजे तीन जोड. मोज्यांत कंजुषी करू नका. ओल्या मोज्याने पायाला फोड येतो आणि फोड आलेला यात्रेकरू गटाला जड होतो.

कपड्यांची ही बाब किरकोळ नव्हे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथच्या वाटेवर अवेळी हिमवादळ आले आणि दोनशेंहून अधिक यात्रेकरू गारठून, थकून मेले. गर्दी बेसुमार होती आणि कित्येकांच्या अंगावर मैदानातलेच कपडे होते. सरकारने नितीश सेनगुप्ता यांची समिती नेमली. यात्रेकरूंची संख्या, वय आणि प्रकृती यांवर बंधने घालण्याचा विचार त्यानंतर पुढे आला. आज अमरनाथला वैद्यकीय दाखल्याशिवाय सोडीत नाहीत. आपल्याला असला दाखला म्हणजे कटकट वाटते. पण कारखान्यातल्या यंत्रावरची जाळी जशी कुणाचे तरी बोट गेल्यानंतर बसते, तसेच या दाखल्याचे आहे. त्यामागे माणसे गेलेली आहेत.

बुटांबद्दल एक खास सूचना. आपल्या गड्यांना कंपनीतून सेफ्टी शूज मिळतात. नवा जोड हाती असला की तोच यात्रेला न्यायचा मोह होतो, कारण बूट मजबूत असतो आणि फुकटचा असतो. तो नेऊ नका. पुढे लोखंडी टोपी असते. ती बोटे दाबते, गार पडते, आणि पावलागणिक तेवढे वजन उचलावे लागते. तळ घट्ट धरणारा, घोटा सांभाळणारा साधा बूट घ्या आणि निघण्यापूर्वी महिनाभर तो घालून रोज चाला. कात्यायनीची चढण आहे, ज्योतिबाच्या पायऱ्या आहेत, पन्हाळा आहे. सरावाला जागा कमी नाहीत. उतरताना गुडघ्याला आधार म्हणून हातात काठी हवीच.

खाण्यापिण्याचे म्हणाल, तर वाटेत चहा, जेवण मिळते. तेव्हा पाच किलो लाडू, स्टोव्ह, तांदळाची पिशवी यांची गरज नाही. शेंगदाण्याची चिक्की, गूळ, मूठभर खारीक-बदाम, आणि घरची आठवण म्हणून जयसिंगपुरी भडंगाची एक पुडी असावी. एक लिटर पाण्याची बाटली, मीठ-साखरेची तयार पुडी, विजेरी, काळा चष्मा. मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा. ओळखपत्र, नोंदणीचा कागद, थोडी रोकड, आणि एका चिठ्ठीवर स्वतःचे नाव, रक्तगट, घरच्यांचा क्रमांक व चालू औषधांची नावे लिहून ती चिठ्ठी अंगावर बाळगावी. दारू, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या घरी ठेवाव्यात. तेथे हवेची आधीच टंचाई असते. उंचीच्या त्रासावर आगाऊ घ्यावयाच्या गोळ्या असतात, पण त्या डॉक्टरच्या सांगण्यावरूनच घ्याव्यात, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हेत.

आणि हो, ज्योतिबाच्या गुलालाची चिमूटभर पुडी जरूर न्या. तिला वजन नसते.

हे सारे बांधून झाले की गाठोडे काट्यावर ठेवा. सहा किलो, फार तर सात. त्याच्यावर काटा गेला की गाठोडे सोडा आणि पुन्हा बांधा. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, शास्त्राचा म्हणून मी सांगत नाही. पण जे गाठोडे पाठीवर घेऊन ज्योतिबाची चढण दम न छाटता चढता येत नाही, ते केदारला नेऊ नये, एवढी कसोटी कोणालाही लावता येईल.

येथे एक प्रसंग सांगतो. आमच्या गटात फेटलिंगच्या कामावरचे एक गृहस्थ होते. वय पन्नाशीच्या आतले, रक्तदाबाची गोळी रोजची. चढताना त्यांनी आपली सॅक इतरांच्या सॅकबरोबर खेचरावर लादली. खेचर आपल्या चालीने पुढे गेले. ते काही माणसाची वाट पाहात नाही. दुपारी पाऊस आला. गृहस्थांचे डोके ठणकू लागले, उलटी झाली, आणि गोळ्या, कोरडा स्वेटर, रेनकोट सारे दोन तासांच्या चढणीवर पुढे! आम्ही आपापल्या अंगावरचे कपडे त्यांना दिले. दोघे जण त्यांना घेऊन खाली उतरले आणि रात्री गौरीकुंडाला त्यांना बरे वाटले. त्यांची काही चूक नव्हती. सगळे तसेच करतात. परंतु त्या दिवसापासून आमच्या गटांचा नियम ठरला. औषध, कोरडा कपडा, पाणी आणि पाऊस अडविणारी वस्तू या चार गोष्टी दुसऱ्याच्या पाठीवर द्यायच्या नाहीत, मग ती पाठ माणसाची असो वा खेचराची.

मंडळी, पाठीचा विषय निघालाच आहे, तर आता मुख्य मुद्द्याकडे वळतो.

केदारच्या वाटेवर जे ओझे आपण उचलीत नाही, ते कोणीतरी उचलतेच. तेथे खेचरे आहेत. चार जणांनी खांद्यावर न्यावयाची दंडी आहे. कंडी आहे, म्हणजे पाठीवरची वेताची टोपली. तिच्यात धडधाकट माणूस बसतो आणि दुसरा माणूस त्याला पाठीवर घेऊन चढतो. नुसते सामान वाहणारे पिठ्ठूही आहेत. हे मजूर पुष्कळसे नेपाळचे आणि गढवालच्या गावांतले. हंगाम सहा महिन्यांचा, त्यात साऱ्या वर्षाची मिळकत बसवावयाची.

जागतिक कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या मर्यादेविषयी ठराव केला. प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाचे वजन पंचावन्न किलोच्या वर नसावे, अशी शिफारस त्याच्या जोडीला केली.  कंडीत बसणारा आपला यात्रेकरू किती किलोचा असतो? सत्तर? ऐंशी? आणि हवा दोनतृतीयांश! मुळात आपल्या महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख नव्याने करून द्यायला नको. बाजार समितीत एकेकाळी शंभर किलोचे पोते एका हमालाच्या पाठीवर चढत असे. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. ज्याला कायमचा मालक नाही, ज्याचे काम रोज बदलते, अशा मजुरालाही नोंदणी, मजुरीची हमी, भविष्यनिर्वाह निधी देता येतो, हे या कायद्याने दाखवून दिले. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याचा कायदा करणाऱ्या राज्यातून आपण यात्रेला जातो. मग डोंगराच्या पायथ्याशी पोहोचल्याबरोबर तो आपल्याला आठवेनासा का व्हावा?

२०१३ च्या प्रलयानंतर पाच हजार सातशेच्या आसपास माणसे बेपत्ता म्हणून जाहीर झाली. यात्रेकरूंना शोधायला त्यांची गावे होती, नातलग फोटो घेऊन फिरत होते. पण वाटेवर त्या दिवशी खेचरे हाकणारे, कंडी वाहणारे, चहाच्या टपरीवर भांडी घासणारे परगावचे पोरगे यांची हजेरी कुणाच्या वहीत होती? हजेरीपटावर नाव नसणे म्हणजे काय, हे आपल्या वसाहतीतल्या कंत्राटी कामगाराला विचारा. त्यानंतर यात्रेकरूंची नोंदणी सुरू झाली. खेचरवाल्यांची आणि मजुरांची नोंद होते, दरपत्रकही लावलेले असते. हे चांगलेच आहे. तथापि दरपत्रक म्हणजे संरक्षण नव्हे, हेही आपण जाणतो.

खेचरांची स्थिती तर बोलता येत नाही म्हणून आणखी वाईट. दिवसाला एक फेरी झेपणाऱ्या जनावराला दोन-दोन फेऱ्या घडतात; ते वाटेतच कोसळते. २०२५ च्या मे महिन्यात या जनावरांत साथ पसरली आणि काही काळ त्यांची वाहतूक बंद ठेवावी लागली. त्या दिवसांत कित्येकांना प्रथमच कळले की आपली सॅक किती किलोची आहे!

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. आपण सारेच आपले ओझे आपण वाहू लागलो तर त्या मजुराच्या चुलीचे काय? मी कामगारांचा माणूस. कुणाचा रोजगार बुडवा असे मी सांगणार नाही. एका नेपाळी मजुराला मी मोडक्यातोडक्या हिंदीत हेच विचारले होते. तो हसून म्हणाला, "बोझ से नहीं, मोलभाव से थकते हैं, साहब." ओझ्याने नव्हे, घासाघिशीने आम्ही थकतो. माझ्या मते याहून नेमके उत्तर कोणी दिले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. मजूर अवश्य घ्या. गटात म्हातारे माणूस असेल, कुणाचे गुडघे गेलेले असतील, कुणाला दम असेल, तर मदत घेण्यात कमीपणा नाही. पण तीन कुटुंबांचे तीस किलो एका पाठीवर देऊन शंभर रुपये कमी करण्यासाठी अर्धा तास हुज्जत घालू नका. गाठोडे घरीच हलके करा आणि दर पुरा द्या. वाटेत आपण थांबून चहा प्यायलो तर त्यालाही चहा द्या. खेचरावर बसण्यापूर्वी ते लंगडते आहे का, त्याच्या पाठीला जखम आहे का, आज त्याची कितवी फेरी आहे, हे विचारा. आणि उत्तर बरोबर वाटले नाही तर दुसरे खेचर घ्या. यात दानधर्म काही नाही. आपल्या कारखान्यात आपण जे मागतो तेच दुसऱ्याला देणे आहे. पाळीचे तास, ओझ्याची मर्यादा आणि ठरलेली मजुरी या तीनच गोष्टी मागतो ना आपण?

पुढे काळ बदलणार आहे. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोनप्रयाग ते केदारनाथ अशा सुमारे तेरा किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची चढण छत्तीस मिनिटांत होईल, असे सांगितले आहे. वृद्धांची सोय होईल, यात शंका नाही. परंतु रोपवे आला म्हणजे गाठोड्याचा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. ओझे यंत्र उचलील. विरळ हवेचे काय? छत्तीस मिनिटांत शरीर बदलत नाही. आणि आज जे मजूर कंडी वाहतात त्यांना त्या यंत्रावर काम मिळणार का? क्युपोलाच्या जागी विजेच्या भट्ट्या आल्या तेव्हा आपणही हेच विचारले होते. आपण विचारले म्हणून काहींना नवे काम शिकविले गेले. जेथे कुणी विचारले नाही तेथे माणसे नुसती घरी गेली.

शेवटची वस्तू सांगतो. ती गटाने मिळून बांधावयाची आहे. निघण्यापूर्वी सर्वांनी एकदा बसावे आणि एक ठराव करावा. डोके सारखे दुखणे, उलटी, बसल्या जागी धाप, तोल जाणे, भलतेच बोलणे यांपैकी काही दिसले की त्या माणसाने वर जायचे नाही. त्रास वाढला तर रात्र असो की पाऊस असो, खाली उतरायचे. उंचीच्या दुखण्यावर खाली उतरणे यासारखा उपाय नाही. त्याच्याबरोबर कोण उतरणार, त्यांची नावे घरीच ठरवावीत, आणि दोघांच्या परतीचे पैसे वर्गणीतून वेगळे काढून ठेवावेत. मंदिर समोर दिसू लागले म्हणजे कोणालाही परत फिरावेसे वाटत नाही. 'एवढ्या लांब आलोय, आता दर्शन घेऊनच' असे जो तो म्हणतो. म्हणून हा ठराव शिरोलीत करावा लागतो, तेथे नव्हे. संपाच्या दिवशी दारात उभे राहून एकजूट जमत नाही. ती आधी महिनाभर जमवावी लागते. यात्रेतही तसेच आहे. वर कोण पोहोचले यापेक्षा खाली सगळे आले का, हा आमच्या गटांचा हिशोब असतो.

आपल्या सासनकाठीकडे पाहा. एवढी उंच काठी एकटा माणूस उभी धरू शकत नाही. चारी बाजूंनी दोऱ्या धरणारे गडी असतात म्हणून ती डोलत डोलत डोंगरावर जाते. दोरी धरणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. पण त्याने हात सोडला तर काठी कुठे पडेल हे ज्योतिबाच्या वाटेवर उभ्या असलेल्या पोरालाही ठाऊक असते. केदारच्या वाटेवर दोरी धरणारे नेपाळचे असतील, गढवालचे असतील. त्यांच्या हाताला पेलेल एवढेच बांधून न्या.

 यंदा जे जाणार आहेत त्यांचा प्रवास सुखाचा होवो.